घर बघायला जाल तेव्हा आधी चुली मोजा

सुगी झाली, चार पैसे हातात आले, गटाच्या कर्जाचे हप्ते फिटत आले, की घराच्या गोष्टी सुरू होतात. या दिवसांत आमच्याकडे जे फोन येतात त्यांत एक प्रश्न हटकून असतो. कधी तो असा येतो, "तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं घर आहे, भाव कमी सांगतायत, पण आत भाडेकरू आहे." कधी असा, "मालक मुंबईला असतो, घरात त्याची विधवा भावजय राहते. तो म्हणतो, तुम्ही पैसे द्या, तिला मी काढतो." आणि शेवटी सगळ्याजणी एकच विचारतात, घ्यावं का?

भाव कमी आहे तो उगाच नाही. त्याच आळीतलं रिकामं घर १५ लाखांना जात असेल आणि माणसं बसलेलं घर १० लाखांना मिळत असेल, तर मधले ५ लाख ही सूट नव्हे. आतल्या माणसांशी बोलणं, भांडणं, वकील, तारखा, हे सगळं मालकाने तुमच्या पदरात टाकलंय आणि त्याचे ते ५ लाख कमी केलेत. कधी हा सौदा परवडतो, कधी नाही. पण परवडतो का हे कळायला आत कोण आहे आणि कोणत्या नात्याने आहे, हे आधी कळायला हवं.

म्हणून आम्ही म्हणतो, घर बघायला जाल तेव्हा आधी चुली मोजा. मालक किंवा दलाल दुपारी नेतो, बैठकीच्या खोलीत बसवतो, चहा देतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला एकट्या किंवा मैत्रिणीला घेऊन जा. एका घरात दोन स्वयंपाक होतात का? विजेचे मीटर किती आणि कोणाच्या नावावर? मागच्या पडवीत कोणाचं बिऱ्हाड आहे? माळ्यावरच्या ट्रंकेत कोणाच्या वस्तू आहेत? आतल्या बायकांशी बोला. पुरुष माणूस मालकाशी व्यवहाराचं बोलतो, पण या घरात कोण कधी आलं, कोण कोणाला भाडं देतं, कोणती बहीण रुसलीय, हे बाईच बाईला सांगते. शेजारणीलाही विचारा.

हे चौकशीचं काम हौसेचं नाही, कायद्याचं आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो, की घरात जो माणूस प्रत्यक्ष ताबा ठेवून आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो घेणाऱ्याला ठाऊक होता असंच धरलं जाईल. म्हणजे उद्या कोर्टात तुम्ही म्हणालात, "साहेब, हा माणूस आत राहत होता, पण त्याच्याशी मालकाने पाच वर्षांपूर्वी साठेखत केलंय हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," तर कोर्ट विचारणार, तो समोर दिसत होता ना? मग त्याला विचारलं का नाही? आपल्याकडे व्यवहारात मालकाला शंभर प्रश्न विचारतात आणि आत बसलेल्याला एकही नाही. हे उलटं आहे.

ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळतो, तो घ्या. त्यात मालकाचा रकाना आहे तसा भोगवटादाराचाही आहे. दोन ठिकाणी दोन वेगळी नावं दिसली तर तिथे थांबा आणि कारण विचारा. मात्र एवढं लक्षात ठेवा, नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकी सिद्ध करणारा नाही. ज्या गावठाणात ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत तिथे ती पत्रिका बघा. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा बघा. आणि दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसात, मागच्या ३० वर्षांत त्या घराचे काय काय दस्त झाले त्याचा शोध वकिलाकडून घ्या.

आता आत भाडेकरू असेल तर काय होतं ते सांगतो. भाडेकरू असलेलं घर मालक विकू शकतो. त्याला भाडेकरूची परवानगी लागत नाही. पण घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. जुन्या मालकाच्या जागी तुम्ही येता, एवढंच. त्याने ठरवलेलं भाडं, त्याने कबूल केलेली मुदत, हे सगळं तुमच्याकडे येतं. अनामत रक्कम कोण परत देणार हे खरेदीखतात लिहा. आमचा सल्ला, ती रक्कम किमतीतूनच वजा करून घ्या. नाहीतर जुना मालक पैसे घेऊन जातो आणि भाडेकरू तुमच्या दारात उभा राहतो. खरेदी झाल्यावर भाडेकरूला लेखी कळवा, की यापुढे भाडं आम्हाला द्यायचं. कळवलं नाहीत आणि त्याने प्रामाणिकपणे जुन्या मालकालाच भाडं दिलं, तर ते त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही.

त्याला उठवता येतं का? शहरांत आणि बऱ्याच मोठ्या गावांत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. कुठल्या ठिकाणांना लागू हे त्या कायद्याच्या अनुसूचीत दिलंय, आपलं गाव त्यात आहे का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. लागू असेल तर जोवर भाडेकरू कायद्याप्रमाणे ठरलेलं भाडं देतोय आणि अटी पाळतोय तोवर त्याला उठवता येत नाही. कायद्यात काही कारणं दिली आहेत, त्यातलं एक कारण मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज असणं. पण ती गरज कोर्टाला पटवावी लागते. शिवाय कोर्ट तागडीही धरतं, जागा मिळाली नाही तर मालकाचे हाल जास्त की जागा गेली तर भाडेकरूचे हाल जास्त. दुसरीकडे राहायला जागा नसलेली, लहान मुलं पदरात असलेली भाडेकरीण असेल तर ती बाजू जड होते, आणि व्हायलाच हवी. म्हणून दलाल जेव्हा म्हणतो, "खरेदी करा, महिन्याभरात खाली करून देतो," तेव्हा त्याला विचारा, कशाच्या जोरावर?

हा कायदा लागू नसलेल्या खेड्यात गोष्ट थोडी सोपी आहे. महिन्यावारी भाड्याने राहणाऱ्याला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरार संपवता येतो. पण नोटीस दिली म्हणजे माणूस उठला असं नाही. तो बसून राहिला तर तिथेही कोर्टाचाच दरवाजा.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे अकरा महिन्यांचा वगैरे करार असेल तर मुदत संपल्यावर जागा लवकर मिळण्याची वेगळी सोय कायद्यात आहे. मुदतीनंतर बसून राहिलं तर दुप्पट रक्कम भरावी लागते. पण हे काम जुन्या मालकाने करायचं. त्याने जागा रिकामी करून घ्यावी आणि मग तुम्ही खरेदी करावी. त्याच्या गळ्यातली घोरपड आपल्या गळ्यात घालून घेऊ नये. आणि करार नोंदवलेला आहे का तेही बघा. भाड्याचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. तीन हजार भाडं असं मालक तुम्हाला सांगतो आणि भाडेकरू म्हणतो आठशे, अशा वेळी हे उपयोगी पडतं, पण तुम्हाला नाही, त्याला.

भाडेकरूचं हे असं. त्याच्याशी निदान हिशेब करता येतो. नातेवाइकांचं प्रकरण खोल असतं आणि आपल्या भागात जास्त तेच असतं. कोकणात म्हणा, साताऱ्या-सांगलीकडे म्हणा, एक भाऊ मुंबई-पुण्याला, एक गावात, बहिणी सासरी, आई जुन्या घरात. विकायला येतो तो बहुतेक वेळा मुंबईचा.

पहिला प्रश्न, तो एकटा मालक आहे का? समजा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधलं आणि मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाच वारस आणि पाच सारखे वाटे. वडिलांची आई हयात असेल तर तीही वारस, म्हणजे वाटे सहा. पाच वाटे धरले तर १५ लाखांच्या घरात थोरल्याचा वाटा ३ लाखांचा. त्याचं एकट्याचं नाव नमुना ८ ला लागलंय म्हणून बाकीचे १२ लाख त्याचे होत नाहीत. त्याने सही करून सगळं घर तुम्हाला विकलं तरी तुम्हाला मिळणार त्याचा पाचवा हिस्सा. वडिलोपार्जित घर असेल तर हिशेब थोडा वेगळा पडतो, पण मुलीचा हक्क तिथेही मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ ला कायदा बदलला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, त्या दिवशी वडील हयात असायला पाहिजेत असं नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत वाटे वेगळ्या रीतीने पडतात, पण वारसांत बायका तिथेही असतातच.

"बहिणींनी हक्क सोडलाय हो, साडीचोळी करून पाठवल्यात," असं विकणारा म्हणतो. साडीचोळीने घरातला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र लेखी लागतं आणि ते नोंदवलेलं लागतं. भाऊबीजेला तोंडी बोललेलं चालत नाही. कागद दाखवा म्हणावं. कागद नसेल तर सगळ्या बहिणी खरेदीखतावर सही करायला येऊ देत, आणि त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यावर जाऊ देत. वारसांत अज्ञान मूल असेल तर आणखी जपून राहा. वडिलांच्या पश्चात मुलाच्या वाट्याला आलेली मिळकत आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ते मूल १८ वर्षांचं झाल्यावर ३ वर्षांच्या आत येऊन व्यवहार रद्द करून मागू शकतं.

कोणी म्हणेल, बरं, पाचवा हिस्सा तर पाचवा हिस्सा, तेवढाच घेऊ, एका खोलीत राहू. इथे कायद्याची एक जुनी आणि शहाणी तरतूद आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला त्या कुटुंबाबरोबर घरात राहायला जाण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. आणि तो दावा लावला, की कुटुंबातला कोणीही हिस्सेदार कोर्टाला म्हणू शकतो, किंमत ठरवून द्या, हा हिस्सा मीच घेतो. हे १८९३ च्या वाटप कायद्यात आहे. म्हणजे पैसे दिले, कागदावर नाव आलं, आणि उंबरठा ओलांडता येत नाही. शेवटी कदाचित पैसे परत घेऊन घरी. ज्या कुटुंबाचं घर आहे त्याच्या बाजूने बघितलं तर हे बरोबरच आहे. आपल्या आईच्या देवघराशेजारी उद्या परका माणूस येऊन बसावा असं कोणाला वाटेल?

आता त्या विधवा भावजयीकडे येऊ. "तिचा काही हक्क नाही, आम्ही दयेने ठेवलीय," असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की ते ऐकलं की आमचे कान उभे राहतात. तिचा नवरा वडिलांच्या आधी गेला असेल, तर सासऱ्याच्या मिळकतीत ती आणि तिची मुलं वारस आहेत. नवरा वडिलांच्या नंतर गेला असेल, तर नवऱ्याला आलेल्या वाट्याची ती वारस आहे. म्हणजे दयेवर राहतेय असं म्हणणाऱ्याच्या घरात ती बऱ्याचदा मालकीण असते आणि तिला ते माहीत नसतं.

मालकीत तिचा वाटा नसला तरी राहण्याचा हक्क असू शकतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा सांगतो, की ज्या घरात बाई कुटुंबाबरोबर नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. तिला बाहेर काढायचं तर कायद्याच्या रस्त्यानेच काढता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं. त्या आधी, २००६ च्या निकालामुळे, असं घर सुनेला मिळत नसे. तिच्यावर अत्याचार होत असेल तर न्यायदंडाधिकारी घर विकायलाही मनाई करू शकतात. हा हक्क मालकीचा नाही आणि कायमचाही नसेल, तिला दुसरीकडे राहण्याची सोय करून द्या असंही कोर्ट सांगू शकतं. पण मालकाने दलालाला सांगून तिची भांडी अंगणात फेकायची, हे चालत नाही.

इथे आमचं मत आम्ही लपवत नाही. आपल्या गटातली बाई दर महिन्याला शंभर-दोनशे बाजूला टाकते, कर्ज काढते, आणि त्या पैशाने दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर जातं, असा सौदा कितीही स्वस्त असला तरी करू नये. करायचाच तर तिला समोर बसवून करा. तिचा वाटा तिला मिळतोय का, ती जाणार कुठे, हे ठरू द्या, आणि तिची सही वकिलासमोर, तिला वाचून दाखवून होऊ द्या. असं केलेलं घर पुढे भांडणात अडकत नाही, हा फायदा तुमचाच.

पैशाचं आता थोडक्यात. इसार कमीत कमी द्या. साठेखत करा, त्यावर योग्य मुद्रांक भरून ते नोंदवा. त्यात लिहा, की घर अमुक तारखेपर्यंत रिकामं, कोणाचाही हक्क नसलेलं मिळेल, नाही मिळालं तर इसार अमुक दिवसांत परत. आत राहणाऱ्यांची नावं त्यात येऊ द्या. मोठी रक्कम किल्ली हातात आल्यावर, ताबा पावती झाल्यावर. "रजिस्ट्रीच्या दिवशी सगळे पैसे, ताबा आठवड्याने," असं कोणी म्हणालं तर खरेदीखतच आठवड्याने करू म्हणावं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, म्हणून बँकेतूनच द्या, पुरावाही राहतो. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीपुढे केलेल्या लिखापढीने घर विकत मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, कोणाची हरकत असेल तर ती आधीच बाहेर पडू दे. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हे नवऱ्याला सांगायला विसरू नका.

आणखी एक समज काढून टाकायचा आहे. दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मालकी तपासली, असं पुष्कळांना वाटतं. ते दस्त नोंदवतात. विकणारा खरा आणि एकटा मालक आहे का, आत कोण राहतं, याची खात्री करणं आपलं काम.

घेतलं आणि आतला माणूस उठत नाही, मग? कोर्टात ताब्याचा दावा. वीज तोडणं, पाणी बंद करणं, रात्री चार पोरं पाठवणं, यातलं काहीही नाही. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायद्याच्या रस्त्याशिवाय कोणाला घराबाहेर काढलं, तर तो ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, काढणारा खरा मालक असला तरीसुद्धा. उलट बाजूने "बारा वर्षं राहिलो म्हणजे घर आमचं," हेही सरसकट खरं नाही. भाड्याने किंवा मालकाच्या परवानगीने राहिलेल्याला नुसत्या वर्षांनी मालकी येत नाही.

हे ऐकणाऱ्या काहीजणी घर घेणाऱ्या नसतील, ज्या घरात त्या राहतात तेच विकायला निघालं असेल. त्यांनी गप्प बसू नये. घर बघायला कोणी आलं तर त्याला तोंडावर सांगा, मी इथे राहते, माझा हक्क आहे. मग तेच लेखी कळवा आणि पोच घ्या. जाहीर नोटीस आली तर मुदतीत हरकत घ्या. पण हरकतीच्या अर्जाने विक्री थांबेल या भरवशावर राहू नका, थांबवायची तर कोर्टाचा मनाई हुकूम लागतो. कोऱ्या कागदावर, "नुसती साक्षीदार म्हणून," अशी सही किंवा अंगठा देऊ नका.

वकिलाचा खर्च कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना नमुना ८ चा उतारा, वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, भाड्याच्या पावत्या, नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा मृत्यूचा दाखला, जे असेल ते न्या. झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी डब्यात ठेवा.